पाचवी ते आठवी : मुलांच्या हातातून गोष्टीचं पुस्तक नेमकं कुठे सुटतं?

"हल्लीची मुलं वाचतच नाहीत." दरवर्षी १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, हे वाक्य भाषणांमधून हमखास ऐकू येतं. महाराष्ट्रात २०१५ पासून हा दिवस 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून साजरा होतो. त्या दिवशी कपाटं उघडतात, पुस्तकं टेबलावर मांडली जातात, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी बहुतेक ठिकाणी कपाटाला पुन्हा कुलूप लागतं.

पण 'हल्लीची मुलं' म्हणजे नेमकी कोणती मुलं? जिल्हा परिषदेच्या शाळेतली, आश्रमशाळेतली, उर्दू शाळेतली की इंग्रजी माध्यमातली? या सगळ्यांच्या हातात पुस्तक येण्याची शक्यता सारखी असते का? आणि पाचवी ते आठवी याच टप्प्यावर वाचन का तुटतं?

हे समजून घ्यायला एखादा तालुका डोळ्यांसमोर ठेवणं सोयीचं पडतं. यवतमाळ जिल्ह्यातलं आर्णी हे असंच एक ठिकाण. अरुणावती नदीकाठचं, नागपूर-तुळजापूर महामार्गावरचं हे तालुक्याचं गाव. आजूबाजूला कापूस, सोयाबीन, तुरीची शेती, बंजारा तांडे आणि आदिवासी वस्त्या. इथल्या मुलांच्या घरातली भाषा मराठी, गोरमाटी, गोंडी, कोलामी, उर्दू यांपैकी कोणतीही असू शकते. शाळांचे प्रकारही तितकेच वेगवेगळे. राज्यातल्या शेकडो तालुक्यांचं चित्र यापेक्षा फार निराळं नाही.

आधी आकडे पाहू

ग्रामीण भारतातली मुलं किती वाचू शकतात, याची सर्वाधिक चर्चा होणारी पाहणी म्हणजे 'असर'. 'प्रथम' या संस्थेच्या पुढाकारातून ती होते. स्वयंसेवक शाळेऐवजी घरी जातात आणि मुलासमोर एक कागद ठेवतात. त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट असते. मूल यातलं काय वाचू शकतं, एवढंच पाहिलं जातं.

२०२४ च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधली पाचवीची ४४.८ टक्के मुलं दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकली. २०२२ मध्ये हे प्रमाण ३८.५ टक्के होतं, म्हणजे कोरोनानंतर सुधारणा झाली. आठवीत मात्र वेगळंच दिसतं. सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलांचं प्रमाण २०२२ मध्ये ६६.२ टक्के होतं, ते २०२४ मध्ये ६७.५ टक्के झालं. लहान वर्गांनी उडी घेतली, मोठे वर्ग जवळपास तिथेच राहिले.

याचा सरळ अर्थ असा, की सरकारी शाळेत आठवीपर्यंत पोचलेल्या दर तीन मुलांपैकी एकाला दुसरीची गोष्ट नीट वाचता येत नाही. 'असर'नेच २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटाची वेगळी पाहणी केली, तेव्हा त्यातही सुमारे एक चतुर्थांश मुलं याच पातळीवर अडलेली आढळली. सहावी-सातवीत राहिलेली उणीव पुढे आपोआप भरून निघत नाही, हे यातून कळतं.

वाचता येणं आणि वाचणं, यात फरक काय?

मूल मोठ्याने उतारा वाचून दाखवतं, तेव्हा त्याला वाचता येतं, असं आपण म्हणतो. पण कुणी सांगितलं नसताना ते पुस्तक उचलतं, पानं उलटतं, कंटाळा आला तर बदलून दुसरं घेतं, तेव्हा ती सवय असते. 'असर'सारख्या पाहण्या पहिली गोष्ट मोजतात. दुसरी मोजणं अवघड आहे, पण दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

अमेरिकेतल्या शिक्षणतज्ज्ञ जीन चॉल यांनी वाचनाचे टप्पे मांडले होते. साधारण तिसरीपर्यंत मूल 'वाचायला शिकतं' आणि चौथीपासून 'शिकण्यासाठी वाचतं', असं त्यांचं म्हणणं. पाचवी-सहावीत इतिहास, विज्ञान, भूगोलाची पुस्तकं जड होतात. वाक्यं लांबतात, रोजच्या बोलण्यात नसलेले शब्द येतात. ज्याचं वाचन अडखळतं, त्याला फक्त भाषाच जड जाते असं नाही, सगळेच विषय जड जातात.

१९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ कीथ स्टॅनोविच यांनी याचा पुढचा परिणाम दाखवला. ज्याला बरं वाचता येतं ते मूल जास्त वाचतं, त्यामुळे त्याचे शब्द वाढतात आणि वाचन आणखी सोपं होतं. ज्याला कष्ट पडतात ते मूल वाचन टाळतं आणि आणखी मागे पडतं. पहिलीत दोन मुलांमध्ये असलेलं छोटं अंतर आठवीपर्यंत दरीएवढं होतं, ते असं.

म्हणून पाचवी ते आठवी हा टप्पा कळीचा. सवय इथे लागली तर टिकते, सुटली तर परत लागणं कठीण जातं. त्यात आता परीक्षेचीही भर पडली आहे. महाराष्ट्रात पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणि त्यात अनुत्तीर्ण झाल्यास पुनर्परीक्षा, ही पद्धत पुन्हा सुरू झाली आहे. पुनर्परीक्षेतही जमलं नाही, तर मूल त्याच वर्गात राहतं. प्रश्नच वाचून समजला नाही, तर उत्तर येत असूनही उपयोग नाही.

जिल्हा परिषद शाळा : पुस्तकं आहेत, पण चौथी-पाचवीपर्यंत

महाराष्ट्रातल्या खेड्यांमध्ये जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चौथी किंवा पाचवीपर्यंतच आहेत. मोठ्या गावांत त्या सातवी-आठवीपर्यंत जातात. गेल्या काही वर्षांत या शाळांच्या लहान वर्गांमध्ये गोष्टींची पुस्तकं बरीच आली. चित्रांची, मोठ्या अक्षरांची, चार-दोन ओळींची पुस्तकं दोरीवर टांगलेली किंवा वर्गाच्या कोपऱ्यात मांडलेली दिसतात. २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमानंतर वर्ग बोलके करण्यावर, मुलांच्या हातात साहित्य देण्यावर अनेक शिक्षकांनी मेहनत घेतली.

अडचण पुढे सुरू होते. पाचवी किंवा सहावीला मूल गाव सोडून मोठ्या गावातल्या किंवा तालुक्याच्या शाळेत जातं. जुन्या शाळेतला पुस्तकांचा कोपरा मागे राहतो. जी शाळा सातवी-आठवीपर्यंत आहे, तिथेही कपाटातली पुस्तकं बहुधा लहानांचीच असतात. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला ससा-कासवाची गोष्ट नको असते आणि मोठ्यांची कादंबरी झेपत नाही. मधल्या वयासाठीची मराठी पुस्तकं मुळात कमी, त्यातली खेड्यातल्या शाळेपर्यंत पोचणारी आणखी कमी.

दुसरी अडचण माणसांची. दोन-तीन शिक्षकांच्या शाळेत चार-पाच वर्ग सांभाळायचे, पोषण आहार पाहायचा, ऑनलाइन माहिती भरायची. पुस्तक वाटण्याची नोंद ठेवायला कुणाकडे वेळ उरत नाही. पुस्तक हरवलं किंवा फाटलं तर जबाब कोण देणार, या भीतीने कपाट बंदच राहतं. हा एका शिक्षकाचा दोष म्हणता येत नाही. पुस्तकाची गणना 'साठा नोंदवही'त होते, वाचकाची होत नाही, हा व्यवस्थेचा दोष आहे.

खासगी अनुदानित शाळा : तासिका आहेत, ग्रंथालयाला तास नाही

तालुक्याच्या गावात पाचवी ते दहावीच्या अनुदानित शाळा हा बहुसंख्य मुलांचा पुढचा मुक्काम. इमारत मोठी, विषयवार शिक्षक, प्रयोगशाळा आणि बहुतेक ठिकाणी ग्रंथालयही. पण ग्रंथपालाचं पद पटसंख्येवर ठरतं. मोठ्या शाळांना ते मिळतं. लहान शाळेत हे काम एखाद्या भाषाशिक्षकाकडे 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून येतं.

इथे सगळी रचना दहावीच्या दिशेने असते. सहावी-सातवीतल्या मुलाच्या हातात पाठ्यपुस्तकाशिवाय जे येतं ते बहुतेक वेळा गाईड, सरावसंच किंवा शिष्यवृत्ती आणि इतर स्पर्धा परीक्षांच्या प्रश्नपत्रिका. चार पर्यायांतून एक निवडण्याचा सराव होतो. पन्नास पानं सलग वाचण्याचा होत नाही.

खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी आणखी एक साधी गोष्ट आड येते, ती म्हणजे एसटीची वेळ. मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो, त्यामुळे अनेक मुलींचं शिक्षण टिकलं. पण शेवटचा तास संपला की बस गाठायची असते. शाळा सुटल्यावर ग्रंथालयात थांबणं हे गावातच राहणाऱ्या मुलांना जमतं. तांड्यावरच्या किंवा पोडावरच्या मुलीला जमत नाही. घरी पोचल्यावर पाणी, भांडी, धाकटी भावंडं. शाळेच्या वेळेतच वाचायला मिळालं नाही, तर तिच्यासाठी दुसरी वेळच नसते.

आश्रमशाळा : वेळ आहे, भाषा परकी

यवतमाळ जिल्ह्यात आदिवासी विकास विभागाची पांढरकवडा आणि पुसद इथे प्रकल्प कार्यालयं आहेत. या विभागाच्या शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळांमध्ये मुलं राहून शिकतात. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी वेगळ्या आश्रमशाळा असतात. पालक ऊसतोडीला किंवा इतर हंगामी कामाला बाहेर गेले, तरी मुलाची शाळा सुटू नये, हा निवासी शाळेचा मोठा फायदा.

इथल्या मुलांसमोरचा प्रश्न वेगळा आहे. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा आहेत. मराठीशी त्यांचं व्याकरण जुळत नाही. गोरमाटीची रचना राजस्थानीला जवळची. अशा घरातून आलेलं मूल मराठी अक्षरं ओळखायला शिकतं, वाक्यही वाचून दाखवतं, पण वाचलेल्या शब्दांपैकी किती त्याने आधी कधी ऐकलेले असतात? शब्द ऐकलेलाच नसेल, तर तो वाचूनही अर्थ लागत नाही. मग वाचन म्हणजे फक्त आवाज काढणं होतं आणि त्यात मजा कसली?

यावर काम झालेलं आहे. पालघर जिल्ह्यातल्या सोनाळे इथली 'क्वेस्ट' ही संस्था आश्रमशाळांमध्ये 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम चालवते. कलाकार मुलांच्या पुस्तकातली गोष्ट नाटकासारखी सादर करतात आणि मग तेच पुस्तक मुलांच्या हातात देतात. गोष्ट आधी कानावर आणि डोळ्यांवर पडलेली असते, त्यामुळे नंतर अक्षरांतून ती ओळखीची वाटते. गोंडीतही मुलांच्या गोष्टींचं भाषांतर झालं आहे आणि 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीविव्हर' या मोफत संकेतस्थळावर अनेक भारतीय भाषांतली पुस्तकं वाचता येतात.

आश्रमशाळेकडे एक गोष्ट अशी आहे जी इतर शाळांकडे नाही. ती म्हणजे संध्याकाळ. शाळा सुटल्यापासून झोपेपर्यंतचे दोन-तीन तास तिथेच जातात. वसतिगृहाच्या खोलीत पंचवीस-तीस चांगली पुस्तकं आणि पुरेसा उजेड असेल, तर वाचनाची सवय लावण्याची सगळ्यात मोठी संधी कदाचित इथेच आहे.

उर्दू शाळा : दोन लिप्या, कमी पुरवठा

विदर्भातल्या अनेक तालुक्यांच्या गावांत उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. बालभारती उर्दूतूनही पाठ्यपुस्तकं काढते. पण इथलं मूल दुहेरी काम करतं. उर्दू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे, शिवाय इंग्रजी. तीन लिप्या सांभाळताना प्रत्येकीत सफाईने वाचायला जास्त सराव लागतो आणि सरावाला पुस्तकं लागतात.

उर्दूत मुलांसाठीचं साहित्य नाही असं मुळीच नाही. मुंबईहून निघणारं 'गुल बूटे' किंवा राष्ट्रीय उर्दू भाषा परिषदेचं 'बच्चों की दुनिया' ही मासिकं मुलांसाठीच आहेत. प्रश्न पुरवठ्याचा आहे. सरकारी योजनेतून शाळेला मिळणाऱ्या पुस्तकांत मराठी शीर्षकं जास्त असली, तर उर्दू शाळेच्या कपाटात न वाचली जाणारी पुस्तकं साठतात. कागदावर ग्रंथालय पूर्ण, मुलांसाठी रिकामं.

इंग्रजी माध्यम : पुस्तकं दोन भाषांत, पकड एकीवरही नाही?

२०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा कायद्यानंतर लहान गावांमध्येही खासगी इंग्रजी शाळा वाढल्या. आर्णीसारख्या ठिकाणी थोडीफार ऐपत असलेलं कुटुंब पोटाला चिमटा काढून मुलाला तिथे घालतं. या शाळांत वेळापत्रकात 'लायब्ररी पिरियड' असण्याची शक्यता जास्त. घरात पालक शिकलेले, वर्तमानपत्र येणारं, एखादं पुस्तक विकत घेतलं जाणारं.

पण घरात इंग्रजी बोललं जात नसेल, तर या मुलाची अडचण आश्रमशाळेतल्या मुलासारखीच असते. ते इंग्रजी फाडफाड वाचतं, पण गोष्टीत काय झालं, हे विचारलं तर गप्प होतं. दुसरीकडे मराठी हा फक्त एक विषय उरतो. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं केलं, पण विषय म्हणून शिकणं आणि त्या भाषेत गोष्टीचं पुस्तक हातावेगळं करणं यात अंतर आहे. ऐकून सगळं समजणाऱ्या भाषेत वाचायची सवय नाही आणि वाचायची सवय असलेल्या भाषेत समजत नाही, अशी कोंडी होते.

मग खासगी शाळेतली मुलं जास्त वाचतात, हे खोटं का?

पूर्ण खोटं नाही. 'असर २०२४' मध्ये पाचवीच्या खासगी शाळेतली ५९.३ टक्के मुलं दुसरीची गोष्ट वाचू शकली. सरकारी शाळेतल्या ४४.८ टक्क्यांच्या तुलनेत हा फरक मोठा आहे. पण तो शाळेमुळे पडला की घरामुळे?

२०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २७ देशांतल्या ७० हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली गेली. ज्या घरात सुमारे ५०० पुस्तकं होती, तिथली मुलं पुस्तकं नसलेल्या घरातल्या मुलांपेक्षा सरासरी तीन वर्षं जास्त शिकली. आईवडिलांचं शिक्षण आणि व्यवसाय सारखा धरूनही हा फरक टिकला. थोडी पुस्तकं असतील तरी फायदा दिसला. एकही पुस्तक नसलेल्या घरात पहिली काही पुस्तकं आल्यावर तर फरक सर्वाधिक पडतो.

फी भरू शकणारं कुटुंब पुस्तकंही आणू शकतं. त्यामुळे खासगी शाळेच्या निकालात घराचा वाटा मिसळलेला असतो. ज्या मुलाच्या घरी छापील कागद म्हणजे फक्त पाठ्यपुस्तक, रेशनकार्ड आणि बियाण्याची पिशवी, त्याच्यासाठी शाळेतलं कपाट हेच एकमेव ग्रंथालय. ते बंद राहिलं तर नुकसान त्याचंच सर्वाधिक.

हे अंतर शाळा भरून काढू शकते, याचं महाराष्ट्रातलं जुनं उदाहरण फलटणचं आहे. भाषातज्ज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनी १९८४ मध्ये तिथे प्रगत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे कमला निंबकर बालभवन ही मराठी माध्यमाची शाळा उभी राहिली. वंचित वस्तीतली आणि सुस्थितीतल्या घरातली मुलं एकाच वर्गात, आणि वर्गात मुलांच्या हाताला लागतील अशी पुस्तकं, हा तिथला आग्रह.

पुस्तकं दिली की मुलं वाचतात का?

इथे दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

पहिला कर्नाटकातला. 'अक्षरा फाउंडेशन'ने सरकारी शाळांसाठी चालवलेल्या ग्रंथालयांचा १६ महिन्यांनंतर काय परिणाम झाला, हे संशोधकांनी तपासलं. भाषेच्या चाचणीत एकूण काहीच फरक पडला नव्हता. ग्रंथालय उभं राहिलं, गुण जिथल्या तिथे राहिले.

दुसरा फिलिपिन्समधला. १०० शाळांमध्ये चौथीच्या मुलांसाठी ३१ दिवसांचा वाचन उपक्रम घेतला गेला. वयाला साजेशी पुस्तकं दिली, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि वर्गात रोज वाचनासाठी वेळ ठेवला. मुलांचं वाचन सुधारलं, घरीही ती जास्त वाचू लागली. मात्र तीन महिन्यांनी तपासलं तेव्हा सुधारणा अर्ध्यावर आली होती.

दोन्हींतून मिळणारा धडा एकच आहे. पुस्तकांचा संच आवश्यक आहे, पण त्याबरोबर वेळापत्रकात वाचनाची ठरलेली वेळ आणि मुलांशी त्याबद्दल बोलणारं माणूस लागतं. आणि हे महिनाभराच्या मोहिमेने भागत नाही. मोहीम थांबली की सवयही ओसरते.

सरकारी योजना नेमक्या कुठे थांबतात?

कायदा आणि योजना कमी नाहीत. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावं आणि तिथे वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असावीत, असं लिहिलेलं आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी स्तरानुसार ₹५,००० ते ₹२०,००० पर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. राज्यात 'महावाचन उत्सव' झाला. कोरोनाकाळात 'गोष्टींचा शनिवार' हा उपक्रम चालला.

पण वाचनावरचा सगळ्यात नेटाचा कार्यक्रम लहान वर्गांसाठी आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'निपुण भारत'चं लक्ष्य तिसरीपर्यंतच्या मुलांना नीट वाचता यावं, हे आहे. राज्याचा २०२५ मधला कृती कार्यक्रम पाचवीपर्यंत जातो. नववीपासून दहावीची तयारी सुरू होते. मधली सहावी ते आठवी कुणाच्याच ठळक उद्दिष्टात नाही. कोरोनाच्या काळात पहिली-दुसरीत असलेली मुलं आज याच मधल्या वर्गांत किंवा त्यांच्या जरा पुढे आहेत, हे लक्षात घेतलं की ही पोकळी आणखी खुपते.

शाळेबाहेरचा आधार म्हणजे सार्वजनिक वाचनालय. १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रात गावोगाव शासनमान्य ग्रंथालयं उभी राहिली. अ, ब, क, ड अशा वर्गांनुसार त्यांना अनुदान मिळतं. पण तिथे बहुधा प्रौढ वर्तमानपत्र वाचायला किंवा तरुण स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायला येतात. बारा वर्षांची मुलगी एकटी तिथे जाऊन पुस्तक मागेल, असं वातावरण फार कमी ठिकाणी असतं. जानेवारी २०१९ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन यवतमाळला झालं. अशा संमेलनांतली मोठी ग्रंथदालनं तीन दिवसांत आवरली जातात, तालुक्याच्या वाचनालयातलं मुलांचं कपाट मात्र वर्षानुवर्षं तसंच राहतं.

आणि मोबाइल?

मोबाइलचा परिणाम आहेच. 'असर २०२४' नुसार १४ ते १६ वयाच्या ग्रामीण मुलांपैकी सुमारे ८२ टक्क्यांना स्मार्टफोन वापरता येतो. आदल्या आठवड्यात ५७ टक्के मुलांनी तो अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी.

मात्र सगळा दोष फोनवर ढकलणंही सोयीचं आहे. ज्या घरात आणि शाळेत पुस्तक आधीपासूनच नव्हतं, तिथे फोनने पुस्तकाची जागा घेतली असं म्हणता येत नाही. ती जागा रिकामीच होती.

शिवाय त्याच फोनवर वाचताही येतं. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक ऑनलाइन मोफत उपलब्ध आहेत. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मराठीत इतका मोठा आणि फुकट खजिना दुसरा क्वचितच सापडेल. केंद्र सरकारचं 'राष्ट्रीय ई-पुस्तकालय' हे अ‍ॅप २०२४ मध्ये सुरू झालं. त्यात ११ ते १४ वयोगटासाठी वेगळा विभाग आहे.

काय करता येईल?

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा निधी लागत नाही.

• वाचनाचा तास शाळेच्या वेळेत ठेवा. पहिली ते आठवीसाठी २०२४ पासून 'आनंददायी शनिवार' आहेच. त्यातली ३० मिनिटं फक्त मुलांनी निवडलेलं पुस्तक वाचण्यासाठी राखली, तर एसटी गाठणाऱ्या मुलीलाही ती मिळतात.

• कपाट मुलांच्या ताब्यात द्या. सातवी-आठवीतली दोन मुलं नोंदवही सांभाळू शकतात. पुस्तक फाटणं हा ते वाचलं गेल्याचा पुरावा आहे, हे मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांनी मान्य केलं, तर शिक्षकांची भीती जाईल.

• वाचून दाखवणं पाचवीनंतर थांबवू नका. अडखळणारं मूल जे स्वतः वाचू शकत नाही, ते ऐकून समजू शकतं. रोज दहा मिनिटं, एखादं मोठं पुस्तक क्रमशः.

• खरेदी करताना मुलांना विचारा. उर्दू शाळेत उर्दू, इंग्रजी शाळेत मराठीही, आश्रमशाळेत चित्रांची आणि मुलांच्या भाषेतली. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना साहस, विज्ञान, खेळ, खरी माणसं आवडतात. पंचविसावं चरित्र घेण्याआधी हे पाहावं.

• 'लहानांचं पुस्तक' म्हणून हिणवू नका. सातवीतल्या मुलाला चित्रांचं पुस्तक झेपत असेल, तर सुरुवात तिथूनच.

• शाळा व्यवस्थापन समितीत एक प्रश्न विचारा. किती पुस्तकं आहेत, हे नको. या महिन्यात किती पुस्तकं मुलांच्या घरी गेली, हे विचारा. पालक म्हणून हा प्रश्न विचारायचा अधिकार तुम्हाला कायद्याने आहे.

शाळेचा प्रकार बदलला की अडचण बदलते. जिल्हा परिषदेत मधल्या वयाची पुस्तकं नाहीत, अनुदानित शाळेत वेळ नाही, आश्रमशाळेत भाषेचा पूल नाही, उर्दू शाळेत पुरवठा नाही, इंग्रजी शाळेत समज मागे राहते. त्यामुळे सगळ्यांना एकच पुस्तकसंच आणि एकच दिवस हा उपाय पुरत नाही. प्रत्येक शाळेला आपली अडचण वेगळी ओळखावी लागेल.

आज सहावीत असलेलं मूल चार वर्षांनी दहावीच्या परीक्षेला बसेल. तोवर त्याने पाठ्यपुस्तकाबाहेरची किती पानं स्वतःहून वाचलेली असतील, हे यंदाच्या शाळेच्या वेळापत्रकावर बरंचसं अवलंबून आहे.